हिरवळीवर बसू नये

मराठीत आपण पुस्तकांची समीक्षा करतो, नाटक-सिनेमाची करतो, हल्ली मिसळीचीही करतो. बागेची मात्र कोणी करत नाही. गूगल मॅपवर तिला तारे मिळतात, खाली कोणीतरी ‘मुलांना मजा आली, पार्किंग नाही’ असं लिहून जातं आणि विषय संपतो.

पण सार्वजनिक बाग ही कोणीतरी विचार करून मांडलेली गोष्ट असते. वाट कुठून न्यायची, बाक उन्हात ठेवायचा की सावलीत, फाटक किती वाजता उघडायचं, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाकडे बघून शिट्टी मारायची, हे सगळं कुठल्यातरी टेबलावर ठरलेलं असतं. लेखकाच्या डोक्यात जसा एक वाचक असतो, तसा बाग करणाऱ्याच्या डोक्यात एक माणूस असतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा उद्यान विभाग कित्येक दशकं बागा करतो आहे. लहान-मोठ्या धरून त्यांची संख्या आता दोनशेच्या घरात आहे. एवढी निर्मिती ज्याच्या नावावर आहे, त्याच्या डोक्यातला माणूस कोण आणि तो कसकसा बदलत गेला, हे एकदा नीट वाचून बघायला हवं.

मी मारुंजीत राहते, हे आधीच सांगितलेलं बरं. मारुंजी मुळशी तालुक्यातलं गाव. शेजारचं पुनावळे आणि पलीकडचं वाकड 1997 साली महापालिकेत गेलं. मारुंजी, हिंजवडी, माण, नेरे, जांबे बाहेर राहिली. आमच्याकडे ग्रामपंचायत आहे, पीएमआरडीए आहे, आयटी पार्क आहे, वीस-वीस मजली इमारती आहेत. उद्यान विभाग नाही. ‘ही गावं महापालिकेत घेणार’ ही चर्चा दर थोड्या वर्षांनी नव्याने सुरू होते. तेव्हा जे आपल्याकडे येणार म्हणतात ते कसं आहे, हा प्रश्न मला पडतो आणि तो निव्वळ हौसेचा नाही.

फाटकाच्या आतला तलाव

या पट्ट्यातली बागेची गोष्ट महापालिकेच्या आधी सुरू होते, आणि ती कारखान्यात सुरू होते. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि इथल्या माळांवर प्लॉट पडू लागले. त्याच दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, इथे आली. टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांनी कारखाना उभा करताना उजाड माळावर हजारो झाडं लावून घेतली आणि एक तलाव करवून घेतला. तो तलाव आजही आहे, त्याला सुमंत सरोवर म्हणतात, तिथे पक्षी येतात. यंत्रांच्या आधी पाण्याचा आणि सावलीचा विचार करणारा माणूस या पट्ट्याला लाभला, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण तो तलाव फाटकाच्या आत आहे. गेटपास असेल तर तो तुमचा. म्हणजे या शहरातलं पहिलं मोठं हिरवं काम नागरिकासाठी नव्हतं, कर्मचाऱ्यासाठी होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण साठ वर्षांनी मारुंजीत आपण पुन्हा तिथेच येऊन पोचणार आहोत.

4 मार्च 1970 रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. 1972 साली कामगारांना परवडणारी घरं देण्यासाठी नवनगर विकास प्राधिकरण झालं. 1982 साली नगरपालिकेची महापालिका झाली. कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलेल्या माणसाने संध्याकाळी जायचं कुठे, या प्रश्नाला सरकारी उत्तर मिळायला सुरुवात झाली ती या काळात.

टेकडी, खाण आणि साप

पहिल्या पिढीतल्या बागा मला आजही सगळ्यांत जास्त आवडतात. निगडीची दुर्गादेवी टेकडी घ्या. टेकडी आधीच होती, तिथे झाडं लावली, वाटा काढल्या आणि पुष्कळसं काम पावसावर सोडलं. संभाजीनगरची बर्ड व्हॅली म्हणजे जुनी दगडखाण. शहर बांधायला दगड काढला, खड्डा उरला, त्यात पाणी साचलं, पक्षी आले. खाण बुजवून तिच्यावर प्लॉट पाडणं सोपं होतं, ते केलं नाही. जवळच सर्पोद्यान झालं. पुढे त्याचं नाव निसर्गकवी बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय.

या नावाजवळ जरा थांबते. या शहरात खानदेशातून माणसं पोटासाठी आली, तशी मराठवाड्यातून, साताऱ्या-सांगलीकडून आली. त्यातल्या कितीतरी घरांत जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या आज्या होत्या. शेतात आणि जात्यावर कविता रचणाऱ्या, स्वतः लिहू न शकणाऱ्या बाईचं नाव कामगारांच्या शहराने एका बागेला दिलं, हे मला फार योग्य वाटतं. नाव ठेवणाऱ्याला आपला माणूस कोण हे ठाऊक होतं.

तो माणूस साधारण असा: रविवारची सुट्टी, बायको, दोन मुलं, पिशवीत डबा. त्याला साप बघायचेत, टेकडी चढायचीय, झाडाखाली चटई अंथरून पोळी-भाजी खायचीय. दिवसभर काही न करता बसायचंय, कारण बाकीचे सहा दिवस तो उभा असतो. या बागा त्याला तेवढी जागा देत होत्या. जागेचा मूळ स्वभाव शाबूत होता, टेकडी टेकडीसारखी आणि खाण खाणीसारखी, आणि माणसाने तिथे काय करायचं हे फारसं ठरवलेलं नव्हतं.

त्या प्राणिसंग्रहालयाचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. नूतनीकरणासाठी म्हणून ते बंद झालं आणि वर्षानुवर्षं बंदच राहिलं. बंद पडली तेव्हा जी मुलं पहिलीत होती, ती साप न बघताच मोठी झाली.

डायनासोर आणि झेंडा

दुसऱ्या पिढीतल्या बागा दाखवण्यासाठी केलेल्या आहेत. पिंपळे गुरवच्या उद्यानाचं अधिकृत नाव राजमाता जिजाऊ उद्यान. रिक्षावाल्याला सांगताना लोक ‘डायनासोर गार्डन’ म्हणतात. लोक बरोबर वाचतात: बागेचा नायक डायनासोर आहे, पाटीवरचं नाव आदरापोटी आहे.

निगडीचं भक्ती-शक्ती हे या पिढीतलं सगळ्यांत महत्त्वाकांक्षी काम. शिवाजी महाराज आणि तुकोबा यांच्या भेटीचं शिल्प ही कल्पना मोठी आहे, आणि जागाही नेमकी निवडली आहे. देहूहून निघालेली पालखी शहरात येते ती याच बाजूने. आषाढवारीत त्या चौकात उभं राहिलं की शिल्प आणि रस्ता एकच गोष्ट सांगताहेत असं वाटतं. त्यानंतर 2018 साली तिथे 107 मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आला. एवढ्या उंचीवर वारा झेंडा फाडतो, म्हणून तो अनेकदा उतरवून ठेवावा लागला. भेटीचं शिल्प बघायला मान थोडी वर करावी लागते, स्तंभ बघायला पूर्ण मागे टाकावी लागते. दोन्हींच्या मधे, डोळ्यांच्या रेषेत, सावलीला बसायची जागा किती, हा प्रश्न त्या भव्यतेत हरवतो.

तुकोबा स्वतः एकांतासाठी भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. त्यांना लागली ती टेकडी, एखादं झाड आणि कोणी न हटकण्याची खात्री. त्यांच्या नावाने बाग करायची तर पहिल्यांदा हे द्यायला हवं. पुतळा नंतर.

या पिढीतल्या बहुतेक बागांमध्ये सामान तेच: कारंजं, कृत्रिम धबधबा, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, रंगीत ओपन जिम, सेल्फी पॉइंट, ‘आय लव्ह’ पुढे त्या भागाचं नाव. फाटकाजवळ मोठी पाटी, तिच्यावर ‘संकल्पना’ आणि ‘यांच्या प्रयत्नांतून’. बागेला लेखक मिळाला, ही एका अर्थाने चांगली गोष्ट. पण ज्या माळ्याने ती जगवली त्याचं नाव अशा पाटीवर मी कधी वाचलेलं नाही. आणि आता बऱ्याच ठिकाणी माळीही ठेकेदाराचा असतो, म्हणजे पुढच्या वर्षी तो इथे असेलच असं नाही. झाडाला सवयीचा माणूस लागतो. करंजाला कुठल्या महिन्यात कीड पडते, कुठला कोपरा पाणी धरतो, हे निविदेत लिहिता येत नाही.

बागेच्या डोक्यातला माणूसही बदलला. तो आता पंचेचाळीस मिनिटांसाठी येतो. चालतो, स्ट्रेचिंग करतो, फोटो काढतो, जातो. बसत नाही.

‘नये’चं व्याकरण

साहित्याच्या माणसाने बागेत गेल्यावर पाट्या वाचाव्यात. उद्यान विभागाचं सर्वाधिक वाचलं जाणारं मराठी तिथेच असतं. फुले तोडू नयेत. हिरवळीवर बसू नये. खाद्यपदार्थ आत आणू नयेत. चेंडूने खेळू नये. मोठ्यांनी झोपाळ्यावर बसू नये. प्रेमी युगुलांसाठी आणखी एक वेगळं, लाजऱ्या शब्दांतलं ‘नये’. शेवटी ‘आदेशावरून’.

‘नये’ हे मराठीतलं गमतीचं क्रियापद आहे. त्यात बोलणारा दिसत नाही. आई ‘तोडू नको’ म्हणते तेव्हा समोर आई असते. ‘तोडू नये’ कोण म्हणतं? आदेश कुणाचा? पाटीवर उत्तर नसतं, म्हणून वादही घालता येत नाही. एका बागेत मी पुस्तक घेऊन लॉनच्या कडेला बसले होते. शिट्टी वाजली. ‘मॅडम, तिथे नाही बसायचं.’ मग कुठे, असं विचारल्यावर रक्षकाने उन्हातल्या सिमेंटच्या बाकाकडे बोट दाखवलं. त्याची काय चूक? त्याला बाग सांभाळायला सांगितली होती, आणि सांभाळणं म्हणजे माणसांना तिच्यापासून लांब ठेवणं, असा त्याने पाटीवरून अर्थ लावला. मीही तोच लावला असता.

तीन पाळ्यांचं शहर

माझा मोठा आक्षेप वेळेवर आहे. शहरातल्या बऱ्याच बागा सकाळी काही तास उघडतात, दुपारी कुलूप, संध्याकाळी पुन्हा काही तास. ही वेळ नऊ ते सहा नोकरी करणाऱ्याची आणि निवृत्तांची आहे. पण पिंपरी-चिंचवड-चाकण हा पाळ्यांचा मुलूख आहे. इथे रात्रपाळीहून सकाळी सुटणारा माणूस दुपारी जागा होतो. पहिली पाळी तीन-साडेतीनला सुटते. सेकंड शिफ्टवाल्याची मोकळी वेळ दुपारची. हिंजवडीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारी मुलं दुपारी उठतात. डिलिव्हरीवाला जेवणाची गर्दी संपली की तीन वाजता टेकायला जागा शोधतो. दहा बाय दहाच्या खोलीत तीन भावंडांबरोबर राहणाऱ्या मुलीला एमपीएससीचा अभ्यास करायला दुपारचीच शांतता मिळते.

नेमक्या त्याच वेळी कुलूप. एप्रिलच्या दुपारी ज्या सावलीची सगळ्यांत जास्त गरज असते, ती सावली फाटकाच्या आत एकटी उभी असते. ज्या शहराने घड्याळाचे तीन तुकडे करून आपली भरभराट केली, त्याची बाग मात्र एकाच पाळीसाठी उघडते.

दोन अनुसूच्या

आता सीमा ओलांडून मारुंजीत येऊ. इथे बाग का नाही, याचं एक उत्तर थेट घटनेत सापडतं. 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिका यांच्या कामांच्या याद्या घटनेत आल्या. शहरांसाठी बारावी अनुसूची. तिच्यात 18 विषय, त्यातला बारावा: उद्याने, बागा, क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधा. गावांसाठी अकरावी अनुसूची. तिच्यात 29 विषय. शेती आहे, सामाजिक वनीकरण आहे, ग्रंथालय आहे, बाजार आणि जत्रा आहे. बाग नाही.

ज्यांनी ही यादी केली त्यांना वेडं म्हणता येत नाही. गावाला बाग कशाला? गावाला शेत आहे, ओढा आहे, देवळापुढचा पार आहे, गायरान आहे. पण मारुंजी कागदावर गाव आणि डोळ्यांना शहर आहे. लक्ष्मी चौकातून कासारसाईच्या रस्त्याला लागा आणि दोन्ही बाजूंना बघत चला. शेतं प्लॉट झाली. पार आहे, पण बाविसाव्या मजल्यावरून कोणी पाराखाली जाऊन बसत नाही, आणि गेलं तरी तिथल्या आजोबांना आणि येणाऱ्याला, दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. गावाच्या मोकळ्या जागा गेल्या आणि शहराच्या आल्या नाहीत. याद्यांच्या मधल्या फटीत काही हजार माणसं राहताहेत.

फट बिल्डरने भरली. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती जागा सोसायटीच्या भिंतीआत असते. जाहिरातीत तिला ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणतात. पार्किंगच्या छतावरचं लॉन, कुंड्यांतली पाम, लहान मुलांचं रबरी अंगण. मीही तिथे संध्याकाळी चालते, मला ते आवडतं, त्याचा मेंटेनन्स भरते. पण माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी कामं संपल्यावर त्या बाकावर बसत नाहीत. मनाई असल्याची पाटी नाही, तरी त्यांना माहीत आहे. शेजारच्या साइटवरच्या लेबर कॅम्पातली मुलं खडीच्या ढिगावर खेळतात आणि कुंपणातून आमच्या घसरगुंडीकडे बघतात. टेल्कोचा तलाव गेटपासवर होता, आमची बाग मायगेट ॲपवर आहे. मधल्या साठ वर्षांत झालेल्या दोनशे बागा आमच्या रस्त्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

कुलूप लावणाऱ्यांची बाजू

उद्यान विभागाची बाजू मला कळते. बाग दिवसभर उघडी ठेवा म्हणणं सोपं आहे. दुपारी तिथे दारू पिणारे येतात, पत्ते बसतात, खेळणी मोडतात, नळ चोरीला जातात. मुलींना एकटं बसायला भीती वाटते. रक्षक आणि माळ्यांचा पगार कुठून आणायचा? शिवाय याच विभागाकडे वृक्षसंवर्धनही आहे. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायच्या परवानगीच्या फाइली त्याच दारातून जातात. एका हाताने रोप लावायचं आणि दुसऱ्या हाताने तोडीच्या अर्जावर शेरा लिहायचा, हे काम सोपं नाही.

पण भीतीबद्दल मी बाई म्हणून बोलू शकते. मला भीती रिकाम्या बागेची वाटते, भरलेल्या बागेची नाही. बाग सुरक्षित करतात ते तिथे बसलेले लोक. शेंगदाणेवाला, अभ्यास करणारी चार पोरं, डबा खाणाऱ्या दोन नर्स. ज्या पाट्या आणि वेळा या लोकांना बाहेर काढतात, त्याच पत्तेवाल्यांसाठी कोपरे रिकामे करून देतात. मुंबईत शिवाजी पार्क 1925 पासून आहे. त्याच्याभोवती कट्टा आहे, आणि त्या कट्ट्यावर बसायला कोणाला कारण द्यावं लागत नाही. शंभर वर्षं ती जागा टिकली, कारण ती सतत वापरात राहिली.

आणि संख्येचा अभिमान बाळगायचा तर हिशोबही करू. केंद्राच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दर माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे 17.27 लाख होती. कमीत कमी आकडा धरला तरी जवळपास 1,727 हेक्टर, म्हणजे 181 चौरस किलोमीटरच्या शहराचा जवळजवळ दहावा भाग. आणि हा हिशोब त्यानंतर आलेल्या माणसांना न मोजता. ‘बाग क्रमांक अमुक’ची फीत कापताना हा दहावा भाग कोणी आठवत नाही, कारण बाग मोजली जाते ती नगांत. सावली नगांत मोजता येत नाही.

कोणी न बांधलेली बाग

2023 साली आमच्या शेजारी, पुनावळ्यात, एक वेगळीच गोष्ट झाली. तिथल्या वनजमिनीवर कचरा डेपो करायचं अनेक वर्षांपासून घाटत होतं. सोसायट्यांतले लोक रस्त्यावर उतरले, मुलांना घेऊन झाडांपाशी गेले. अखेर त्या वर्षअखेरीस प्रकल्प रद्द केल्याची घोषणा झाली.

मला त्यात कचऱ्याच्या वादापेक्षा दुसरं काही महत्त्वाचं दिसलं. त्या जागी कारंजं नव्हतं, ओपन जिम नव्हती, ‘संकल्पना’ची पाटी नव्हती. उद्यान विभागाच्या यादीत ती बाग म्हणून नव्हतीच. तरी लोकांनी ती आपली बाग म्हणून ओळखली आणि तिच्यासाठी भांडले. दुर्गादेवी टेकडीवर आणि जुन्या खाणीवर पहिल्या पिढीने जे ओळखलं होतं, ते इथे लोकांनी स्वतःहून ओळखलं: जागा आधी असते, बाग नंतर होते.

मारुंजी उद्या महापालिकेत गेली तर विभाग इथे येईल, तेव्हा त्याच्याकडे एक ठरलेली यादी असेल. ट्रॅक, जिम, कारंजं, पाटी. पण तोवर उरलेल्या जागेवर तेविसावा मजला चढलेला असेल आणि आरक्षणाचा हिरवा ठिपका फक्त नकाशावर राहील. म्हणून मागणी आत्ता, ग्रामपंचायत असतानाच करायला हवी, आणि ती लहान ठेवायला हवी. ओढ्याकाठची, गायरानाची, टेकडीउताराची जी काही सार्वजनिक जमीन अजून शिल्लक आहे ती मोजा आणि तिच्यावर काही बांधू नका. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ लावा. एक माळी ठेवा, त्याला दहा वर्षं हलवू नका. पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह द्या. दुपारी फाटक उघडं ठेवा. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर झाडांची नावं लिहा, आणि खाली एकच ओळ: हिरवळीवर बसा.